विषाणूतले बदल आणि एचआयव्हीच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेझिस्टन्स टेस्टचा (विषाणू कोणत्या औषधांना जुमानत नाही हे पाहणाऱ्या टेस्टचा) रिपोर्ट म्हणजे तीन-चार पानं, त्यात अक्षरं-आकड्यांची गर्दी आणि शेवटी औषधांपुढे लाल-हिरवे शेरे. तो हातात पडला की सुरू होणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहेत, काही समुपदेशक, नर्स आणि विद्यार्थीही आहेत. हे वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या बदलू नका आणि थांबवू तर मुळीच नका. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

१. विषाणूत म्युटेशन झालं म्हणजे नेमकं काय झालं?

एचआयव्हीची सगळी जनुकीय माहिती सुमारे ९,७०० अक्षरांत मावते. पेशीत शिरल्यावर विषाणू रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमकडून तिची नक्कल करून घेतो. हे एन्झाइम चुका करतं आणि केलेली चूक तपासत नाही. साधारण दर तीन नकलांमागे एक अक्षर चुकतं. हा बदल म्हणजेच म्युटेशन. उपचार सुरू नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे एका अक्षराचा शक्य तो प्रत्येक बदल रोज कुठे ना कुठे घडून जातो. बहुतेक चुका विषाणूलाच महागात पडतात. एखाद्या चुकीने मात्र औषध जिथे चिकटतं तिथला आकार बदलतो आणि तो विषाणू औषधाला जुमानेनासा होतो.

२. मग गोळ्यांमुळेच म्युटेशन होतं, असं म्हणायचं का?

नाही. बदल आधी होतो, गोळी फक्त निवड करते. रक्तात औषध पुरेसं असेल तर विषाणूची वाढच थांबते, आणि वाढ नाही तर नव्या चुकाही नाहीत. औषध अजिबात नसेल तर बदललेल्या विषाणूला त्या बदलाचा काही फायदा नाही. धोका मधल्या स्थितीत असतो. औषध आहे पण कमी पडतंय, अशा वेळी साधा विषाणू दबतो आणि न जुमानणारा वाढत जातो. अधूनमधून डोस चुकवणं वाईट ते याच कारणाने.

३. ‘एम१८४व्ही’, ‘के१०३एन’ हे वाचायचं कसं?

पहिलं अक्षर म्हणजे त्या जागी मूळचं अमिनो आम्ल, आकडा म्हणजे प्रथिनातली जागा, शेवटचं अक्षर म्हणजे आता तिथे काय आलंय. एम१८४व्ही म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या १८४ व्या जागी मेथिओनिन होतं, तिथे व्हॅलिन आलं. जनुकात तीन-तीन अक्षरांचा गट एकेक अमिनो आम्ल ठरवतो. इथे एटीजीचं जीटीजी झालं, म्हणजे एकच अक्षर हललं. लॅमिव्ह्युडिन या औषधाचा परिणाम शंभरपटीहून अधिक घसरायला तेवढं पुरतं.

आकडा कोणत्या प्रथिनातला हे मात्र पाहायला हवं. प्रोटिएज आणि इंटिग्रेज ही विषाणूची आणखी दोन एन्झाइम. प्रोटिएज ९९ अमिनो आम्लांचं, इंटिग्रेज २८८ चं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ५६० चं असतं. ‘९० व्या जागी बदल आहे’ एवढंच फोनवर सांगितलंत तर समोरच्याला काहीच कळत नाही.

४. टेस्ट करतात कशी? व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) किती असावा लागतो?

रक्तातल्या प्लाझ्मामधून विषाणूचं आरएनए काढतात, हवा तो भाग पीसीआरने वाढवतात आणि त्याचा अक्षरक्रम वाचतात. तो क्रम एका संदर्भ-क्रमाशी ताडून फरक लिहितात. यात विषाणू प्रत्यक्ष वाढवून त्याच्यावर औषध घालून पाहत नाहीत. तशी चाचणी असते, तिला फिनोटाइप म्हणतात. ती वेळखाऊ आणि महाग असल्याने सरसकट करत नाहीत.

मिलिलिटरला १,००० कॉपीज (विषाणूच्या आरएनएच्या प्रती) असतील तर टेस्ट सहसा यशस्वी होते. ५०० ते १,००० च्या दरम्यान कधी होते, कधी नाही. त्याखाली आरएनएवरून वाचणं अवघड होत जातं (प्रश्न ११ पाहा).

आणखी एक गोष्ट रक्त देण्याआधीच विचारून घ्या: या टेस्टमध्ये इंटिग्रेज आहे का? नेहमीच्या टेस्टमध्ये अनेक ठिकाणी फक्त प्रोटिएज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वाचतात. इंटिग्रेजला रोखणारं डोल्युटेग्राव्हिर हे औषध घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये इंटिग्रेजच नसेल तर मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यात असणारच नाही.

५. माझ्या रिपोर्टमध्ये पंचवीस-तीस बदल लिहिलेत. इतके?

घाबरू नका. संदर्भ-क्रम बहुधा उपप्रकार बी चा असतो. तुमचा विषाणू सी किंवा ए उपप्रकाराचा असेल तर त्याची मूळ घडणच काही जागी वेगळी असते, आणि तो प्रत्येक फरक यादीत येतो. उदाहरणार्थ, प्रोटिएजमधले एम३६आय आणि आय९३एल हे सी उपप्रकारात नेहमी आढळतात. त्यांच्यामुळे आजच्या कोणत्याही गोळीचं अडत नाही. औषधरोधाशी (रेझिस्टन्सशी) संबंध असलेले बदल रिपोर्टमध्ये वेगळे काढलेले असतात. नजर तिथे ठेवा, ‘इतर बदल’ हा रकाना सोडून द्या.

६. ‘हाय लेव्हल’, ‘इंटरमीडिएट’, ‘ससेप्टिबल’ हे कोण ठरवतं?

नियमावली ठरवते. सर्वाधिक वापरली जाते ती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एचआयव्ही औषधरोध डेटाबेसची, आणि ती सर्वांना मोफत खुली आहे. तिथे प्रत्येक बदलाला प्रत्येक औषधापुरते गुण दिलेले असतात. त्यांची बेरीज ९ पर्यंत असेल तर औषध लागू पडेल असं मानतात. १० ते १४ म्हणजे रोधाची किंचित शक्यता, १५ ते २९ कमी रोध, ३० ते ५९ मध्यम, आणि ६० पासून वर जास्त रोध. हे गुण तीन प्रकारच्या पुराव्यांवरून ठरतात: प्रयोगशाळेतली मोजमापं, कोणतं औषध घेताना कोणता बदल उगवतो याच्या नोंदी, आणि तो बदल असलेल्या रुग्णांना पुढे औषध लागू पडलं की नाही.

फ्रान्सची एएनआरएस आणि बेल्जियमची रेगा अशाही नियमावल्या आहेत. एकाच अक्षरक्रमावर त्यांचं मत कधी कधी वेगळं पडतं. अशा वेळी लॅब चुकली असं समजू नये, कारण क्रम तोच असतो, फक्त अर्थ लावणारे वेगळे असतात. नियमही सुधारत राहतात. म्हणून पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट असेल तर शेरे बाजूला ठेवा आणि त्यातल्या बदलांची यादी आजच्या नियमावलीत नव्याने घालून बघायला सांगा.

७. एक म्युटेशन सापडलं म्हणजे ते औषध कायमचं बाद का?

कधी हो, कधी नाही. दोन उदाहरणं शेजारी ठेवतो.

के१०३एन या एका बदलाने नेव्हिरॅपिनचा परिणाम सुमारे ५० पट आणि एफाव्हिरेन्झचा सुमारे २० पट कमी होतो. दोन्ही औषधं गेलीच असं समजायचं. पण त्याच गटातल्या एट्राव्हिरिन, रिल्पिव्हिरिन आणि डोराव्हिरिन यांना हा एकटा बदल अडवत नाही. ‘त्या गटाला रेझिस्टन्स आहे’ असं फाइलवर ढोबळ लिहून ठेवलं की नेमकी हीच माहिती हरवते.

एम१८४व्हीची गोष्ट याहून रंजक आहे. तो लॅमिव्ह्युडिन आणि एमट्रिसिटाबिन यांना जवळजवळ निष्प्रभ करतो, पण हा बदल आल्याने विषाणू स्वतः दुबळा होतो, त्याची वाढ मंदावते. शिवाय टेनोफोव्हिर आणि झिडोव्ह्युडिन त्याच्यावर उलट जास्त चालतात. स्टॅनफर्डच्या तक्त्यात या दोन औषधांपुढे एम१८४व्हीला उणे गुण आहेत! म्हणून रिपोर्टमध्ये लाल शेरा असतानाही डॉक्टर लॅमिव्ह्युडिन चालू ठेवतात. त्याच्या दडपणामुळे विषाणू दुबळ्या रूपात अडकून राहतो. ‘रिपोर्ट पाहिलाच नाही वाटतं’ अशी तक्रार यावरून फार वेळा येते. पाहिलेला असतो.

विषाणूला ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्याची उंचीही औषधागणिक वेगळी असते. जुन्या नेव्हिरॅपिनला हरवायला एक बदल पुरतो, तर डॅरुनाव्हिरला सहसा अनेक बदल साचावे लागतात.

८. रिपोर्टमध्ये एकही रेझिस्टन्स म्युटेशन नाही, तरी व्हायरल लोड चढलेला आहे. टेस्ट चुकली का?

बहुधा नाही. सर्वात सरळ अर्थ असा की विषाणूला औषधाशी सामनाच करावा लागलेला नाही, म्हणजे औषध रक्तात पोचत नव्हतं. गोळ्या चुकत होत्या हे एक कारण झालं, पण लगेच माणसावर संशय घेऊ नये. रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचं रक्तातलं प्रमाण घसरतं, म्हणून टीबीच्या उपचारात ते दिवसातून दोनदा देतात. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड वेळ न सांभाळता सोबत घेतलं तरी ते नीट शोषलं जात नाही. उलट्या, जुलाब, उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाणं, घरच्यांपासून लपवावं लागल्याने चुकलेला डोस, हे सगळं विचारायला हवं.

रिटोनाव्हिर या जोड-औषधासोबत दिल्या जाणाऱ्या, प्रोटिएजला रोखणाऱ्या औषधांवर असताना व्हायरल लोड वाढला, तर प्रोटिएजमध्ये एकही मोठा बदल न सापडणं हे नेहमीचंच आहे. माझं मत विचाराल तर असा रिपोर्ट ही चांगली बातमी आहे, कारण औषधं अजून हातात आहेत. रक्त घेताना गोळ्या बंद होत्या का, एवढं मात्र आधी तपासा. ते पुढच्या प्रश्नात आहे.

९. तीन महिन्यांपासून गोळ्या बंद आहेत. आता टेस्ट करून घेऊ का?

करता येते, पण निकालावर विसंबता येत नाही. औषध थांबलं की मूळचा धडधाकट विषाणू पुन्हा वाढतो आणि काही आठवड्यांत बदललेल्याला मागे टाकतो. अक्षरक्रम वाचण्याच्या नेहमीच्या सँगर पद्धतीला एकूण विषाणूंपैकी १५ ते २० टक्क्यांहून कमी असलेला प्रकार दिसतच नाही. मग रिपोर्ट हिरवा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून ज्या गोळ्या लागू पडत नाहीत असा संशय आहे त्या चालू असतानाच, निदान थांबवल्यापासून चार आठवड्यांच्या आत रक्त द्यावं.

मनाने गोळ्या थांबवू नका म्हणतो त्यालाही असंच कारण आहे. गोळीतली सगळी औषधं शरीरातून एकाच वेगाने जात नाहीत. एफाव्हिरेन्झ मागे रेंगाळतं, जोडीची औषधं आधी संपतात, आणि विषाणूपुढे काही दिवस एकटं एफाव्हिरेन्झ उरतं. त्याला हरवायला एक बदल पुरतो.

१०. २०१५ च्या रिपोर्टमध्ये एम१८४व्ही होतं, आताच्या रिपोर्टमध्ये नाही. बरं झालं का?

नाही. एकदा दिसलेला बदल कायम आहे असंच धरून चालतात. विषाणूने आपली प्रत दीर्घायुषी पेशींच्या डीएनएत घुसवून ठेवलेली असते. माळ्यावर टाकलेल्या जुन्या सामानासारखी ती तिथे पडून राहते, आणि तेच औषध पुन्हा सुरू केलं की खाली उतरते. म्हणून सर्व जुने रिपोर्ट एकत्र वाचायचे असतात. प्रत्येक रिपोर्टचा फोटो आणि आजवर घेतलेल्या औषधांची वर्षांसह यादी जवळ ठेवा. माझ्या मते नव्या टेस्टपेक्षा कधी कधी ही यादीच जास्त सांगून जाते.

११. व्हायरल लोड ‘सापडत नाही’ असा आहे. तरीही टेस्ट करता येते का?

आरएनएवर नाही, पण पेशींमध्ये दडलेल्या डीएनएवर करता येते. व्हायरल लोड दबलेला असताना गोळ्या बदलायच्या असतील आणि जुने रिपोर्ट हरवले असतील, तेव्हा हिचा विचार होतो. तिच्यात दोन खोट आहेत. न सापडलेला बदल नाहीच, असं तिच्यावरून म्हणता येत नाही. दुसरी खोट उलट बाजूची: दिसणारा प्रत्येक बदल खरा धोका असेलच असं नाही. आपल्या पेशींतलं अपोबेक नावाचं प्रथिन विषाणूच्या डीएनएत जीच्या जागी ए अशा बदलांची धाड घालतं. त्यातून एम१८४आय किंवा ई१३८के असे औषधरोधी वाटणारे बदल दिसतात, पण त्याच प्रतीत ठिकठिकाणी ‘थांबा’ असा संकेतही आलेला असतो. अशी प्रत मेलेलीच, तिच्यातून विषाणू निघत नाही. चांगली लॅब हे शेऱ्यात नमूद करते.

१२. ‘के१०३के/एन’ असं तिरपी रेघ देऊन लिहिलंय. अर्धा रेझिस्टन्स?

नाही. त्या नमुन्यात दोन्ही प्रकारचे विषाणू होते, साधे आणि बदललेले. औषध निवडताना हे पूर्ण के१०३एनच धरायचं. दोन वेगवेगळे बदल मिश्र रूपात दिसले तर ते एकाच विषाणूत आहेत की दोन वेगळ्या, हे सँगर पद्धतीत कळत नाही.

१३. मी तर गोळ्या अजून सुरूही केल्या नाहीत. मला रेझिस्टन्स कसा?

ज्याच्याकडून विषाणू आला त्याच्याकडूनच तो बदलही आला. याला संक्रमित औषधरोध म्हणतात. के१०३एन विषाणूला फारसा जड जात नाही, म्हणून औषध नसतानाही तो वर्षानुवर्षं टिकून दिसतो. एम१८४व्ही जड जातो, त्यामुळे तो लवकर मागे पडतो. कधी अर्धवट परतलेला बदल सापडतो, उदाहरणार्थ टी२१५डी किंवा टी२१५एस. त्याचा स्वतःचा उपद्रव नाही, पण पूर्वी इथे झिडोव्ह्युडिनला न जुमानणारा टी२१५वाय किंवा टी२१५एफ असावा, अशी ती खूण असते.

ज्या देशांत उपचाराआधीच नेव्हिरॅपिन-एफाव्हिरेन्झला रोध १० टक्क्यांवर पोचला, तिथे पहिल्या उपचारातून ती औषधं काढण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. २०१९ पासून तर पहिली पसंती सर्वत्र डोल्युटेग्राव्हिरलाच आहे.

१४. उपप्रकार सी असेल तर अंदाज बदलतो का?

थोडा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या १०६ व्या जागी व्हॅलिन असतं. सी उपप्रकारात ते बहुधा जीटीजी असं लिहिलेलं असतं, बी मध्ये जीटीए. तिथे मेथिओनिन यायचं तर एटीजी व्हावं लागतं. सी ला त्यासाठी एक अक्षर बदलावं लागतं, बी ला दोन. म्हणून एफाव्हिरेन्झवर असताना व्ही१०६एम हा बदल सी मध्ये सहज उगवतो. टेनोफोव्हिरविरुद्धचा के६५आरही सी मध्ये लवकर येतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. एकदा बदल आल्यावर त्याचा अर्थ मात्र सर्व उपप्रकारांत जवळपास तोच असतो.

१५. डोल्युटेग्राव्हिरला रेझिस्टन्स येतच नाही म्हणतात. खरं का?

कमी येतो, पण येतो. आर२६३के, जी११८आर, आणि १४०-१४८ या जोडीतले बदल ही त्याची ओळखीची रूपं आहेत. आधी त्याच गटातलं जुनं राल्टेग्राव्हिर घेतलेल्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण त्यांच्यात वाट आधीच अर्धी झालेली असू शकते. डोल्युटेग्राव्हिर एकटं देऊन पाहिलेल्या अभ्यासांतही रोध उद्भवला होता.

१६. रिपोर्टप्रमाणे माझ्या तीनपैकी दोन गोळ्या निकामी आहेत, पण व्हायरल लोड तर दबलेला आहे! मग टेस्टवर विश्वास का ठेवायचा?

आलेल्या प्रश्नांत सर्वात मर्मावर बोट ठेवणारा हाच. केनिया, युगांडा आणि झिम्बाब्वे इथे झालेल्या नाडिया या औषधोपचाराच्या चाचणीत (निकाल २०२१) पहिला उपचार फसलेल्या ४६४ जणांना डोल्युटेग्राव्हिर किंवा डॅरुनाव्हिर दिलं, सोबत दोन जुनी औषधं. ही जोडीची दोन्ही औषधं चालणार नाहीत असं ज्यांच्या रिपोर्टवरून दिसत होतं, त्यांच्यातही डोल्युटेग्राव्हिर गटात दहापैकी नऊ जणांचा विषाणू दबला. त्याआधीच्या ईअर्नेस्ट चाचणीत तर उलटंच चित्र होतं: ज्यांच्याकडे कागदावर जास्त औषधं शिल्लक होती, त्यांचेच निकाल कमी चांगले आले.

याची कारणं दोन असावीत. ‘निकामी’ ठरलेल्या औषधातही थोडी धुगधुगी उरते, आणि एम१८४व्ही विषाणूला दुबळं करतो (प्रश्न ७). दुसरं असं की ज्याच्या विषाणूत बरेच बदल साचले, त्या माणसाने गोळ्या बऱ्यापैकी घेतलेल्या असतात. बदल नसलेल्यांत गोळ्या न घेणारेही येतात (प्रश्न ८). म्हणजे अक्षरक्रम फक्त विषाणूची माहिती देत नाही, माणसाच्या सवयीचीही चाहूल देतो, आणि गुणांच्या बेरजेत ती मोजलेली नसते. तरी निर्धास्त होऊ नये, कारण नाडियात थोड्या जणांमध्ये डोल्युटेग्राव्हिरविरुद्धचे बदल आलेच.

१७. मग संगणकाला शिकवून थेट ‘हे औषध चालेल’ असं सांगता येणार नाही का?

प्रयत्न बरेच जुने आहेत. युरोपातल्या युरेसिस्ट प्रकल्पाने आणि २००२ पासून काम करणाऱ्या आरडीआय गटाने हजारो रुग्णांचे अक्षरक्रम, व्हायरल लोड, सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) आणि औषधांचा इतिहास एकत्र करून अशी प्रारूपं (मॉडेल) बनवली. ती चालतात. पण विद्यार्थ्यांनो, तीन अडचणी आधीच ओळखा. माहिती जुन्या औषधांवरची भरपूर आणि नव्यांवरची तुटपुंजी असते. ‘लागू पडलं नाही’ या नोंदीमागे विषाणू होता की न घेतलेली गोळी, हे प्रारूपाला कळत नाही. आणि एकाच रुग्णाचे दोन नमुने, एक शिकवण्याच्या संचात आणि दुसरा तपासणीच्या संचात गेला, की अचूकता फुगून दिसते. तुमचं प्रारूप अचानक फारच हुशार वाटायला लागलं तर प्रथम हेच तपासा.

१८. मॅराव्हिरॉक आणि लेनाकापाव्हिर माझ्या रिपोर्टमध्ये का नाहीत?

ही औषधं वेगळ्या ठिकाणी काम करतात. मॅराव्हिरॉक पेशीवरचं सीसीआर५ हे दार अडवतं. विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्या दारातून शिरत असेल तर ते निरुपयोगी ठरतं, आणि हे विषाणूच्या आवरणातल्या व्ही३ या तुकड्यावरून ताडतात. लेनाकापाव्हिरसाठी कॅप्सिडचा, म्हणजे विषाणूच्या आतल्या कवचाचा भाग वाचावा लागतो. एन७४डी, क्यू६७एच हे तिथले बदल. दोन्हींसाठी वेगळी टेस्ट मागावी लागते.

१९. एचआयव्ही-२ असेल तर हीच नियमावली चालेल?

नाही. एचआयव्ही-२ हा वेगळाच प्रकार आहे, आतापर्यंतचं सगळं एचआयव्ही-१ बद्दल होतं. नेव्हिरॅपिन-एफाव्हिरेन्झचा गट त्याच्यावर मुळातच चालत नाही, त्यासाठी कोणताही बदल व्हावा लागत नाही. त्याची नियमावली वेगळी आहे, आणि एचआयव्ही-१ ची टेस्ट त्याच्यावर सहसा चालतही नाही.

२०. अबाकाव्हिरआधी जनुकाची टेस्ट सांगितली, ती हीच का?

ती नव्हे. एचएलए-बी ५७०१ ही टेस्ट तुमच्या स्वतःच्या जनुकाची आहे, विषाणूच्या नाही. ती पॉझिटिव्ह आली तर अबाकाव्हिरची गंभीर ॲलर्जी होण्याचा धोका असतो, म्हणून ते औषध देत नाहीत. आयुष्यात एकदाच करावी लागते.

२१. अक्षरक्रमावरून विषाणू कुणाकडून आला हे सिद्ध होतं का?

होत नाही. दोघांचे विषाणू जवळचे आहेत एवढं दिसू शकतं. कुणाकडून कुणाकडे गेला, की दोघांना तिसऱ्याच कुणाकडून आला, हे असल्या एका रिपोर्टवरून ठरत नाही. घरातल्या भांडणात पुरावा म्हणून हा रिपोर्ट पुढे करणाऱ्यांना आमचं उत्तर नेहमी हेच असतं.